ग्रॅफाइट धरून ठेवते, पण कुठवर?

पाण्याच्या फिल्टरमधला कोळसा पाण्यातला वास आणि रंग ओढून घेतो. ही द्रव्ये कोळशाच्या पृष्ठभागाला आणि आतल्या सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसतात. याला अधिशोषण म्हणतात. अणुभट्टीतले ग्रॅफाइट हाही कार्बनच. तिथे मात्र त्याला चिकटते ती सीझियम, स्ट्रॉन्शियम यांसारख्या किरणोत्सारी धातूंची वाफ. ही पकड किती भक्कम आहे, हा प्रश्न आता केवळ प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही.

कारण हेलियम वायूने थंड होणाऱ्या, अतिउच्च तापमानाच्या अणुभट्ट्यांकडे जग पुन्हा वळले आहे. चीनच्या शानडोंग प्रांतातली अशी भट्टी डिसेंबर २०२३ पासून व्यावसायिक वीजनिर्मिती करते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही १००० अंश सेल्सिअसवर चालणाऱ्या छोट्या भट्टीचा आराखडा केला आहे. त्यातला शीतक हेलियम नसून वितळलेले शिसे-बिस्मथ आहे, पण इंधन त्याच जातीचे, वेष्टित कणांचे. या कणांचा आकार राईच्या दाण्याएवढा. प्रत्येकावर कार्बन आणि सिलिकॉन कार्बाइडचे थर असतात आणि किरणोत्सारी द्रव्ये त्यांच्या आतच कोंडली जातात, असा या तंत्राचा मुख्य दावा आहे.

तो बराच अंशी खराही आहे. पण कोट्यवधी कणांत काही सदोष निघतातच. शिवाय खूप तापमानात चांदीसारखा धातू धडधाकट थरांतूनही झिरपतो. असे निसटलेले अणू आधी भोवतालच्या ग्रॅफाइटमध्ये अडकतात. सीझियमचा अणू आपला इलेक्ट्रॉन कार्बनला देऊन त्याला घट्ट बिलगतो. स्ट्रॉन्शियमची पकड त्याहून पक्की. म्हणूनच सुरक्षेच्या गणितात ग्रॅफाइट हा आणखी एक अडसर धरला जातो.

अडचण अशी की ही पकड तापमानाच्या हाती असते. ग्रॅफाइट तापत गेले की पृष्ठभागावरच्या धातूचा बाष्पदाब झपाट्याने चढतो आणि धरलेले अणू सुटून हेलियमच्या प्रवाहात मिसळतात. म्हणजे वर्षानुवर्षे जे कोठार होते, तेच अपघाताच्या वेळी उगमस्थान होऊ शकते. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने आणि ऑक्सिडीकरणाने ग्रॅफाइटचा पृष्ठभागही बदलत जातो. त्यामुळे नव्या कोऱ्या नमुन्यावर मोजलेला आकडा वीस वर्षे वापरलेल्या ग्रॅफाइटला लागू होईलच असे नाही.

जर्मनीतल्या युलिश येथील प्रायोगिक भट्टीने हे दाखवून दिले आहे. १९६७ ते १९८८ या काळात ती चालली. १९८६ मध्ये तिच्या गाभ्यात तापमान ओळखणारे खास गोळे सोडले गेले, तेव्हा काही ठिकाणी १२८० अंशांहून जास्त, म्हणजे गणिताने सांगितल्यापेक्षा अधिक, तापमान आढळले. सीझियम आणि स्ट्रॉन्शियम भट्टीच्या आतल्या भागांत आणि ग्रॅफाइटच्या धुळीत पसरले होते. इंधनाचे गोळे एकमेकांवर घासून ही धूळ तयार होते. तिचा पृष्ठभाग मोठा, म्हणून ती धातू भरपूर धरते आणि वायूबरोबर फिरते. अखेर ही धूळ जागच्या जागी थिजवण्यासाठी भट्टीच्या पात्रात हलके काँक्रीट भरावे लागले. सुमारे २१०० टनांचे ते धूड २०१५ मध्ये शेजारच्या साठवण इमारतीत हलवले गेले.

यातले आरोग्याचे गांभीर्य स्पष्ट आहे. सीझियम-१३७ शरीरात पोटॅशियमसारखे वागते आणि स्नायूंत पसरते; स्ट्रॉन्शियम-९० कॅल्शियमसारखे हाडांत जाऊन बसते. दोघांचेही अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास. भट्टी पाडणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने ग्रॅफाइटची धूळ हीच खरी जोखीम ठरते.

म्हणून ही भट्टी नकोच, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. हेलियम रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय आहे, ग्रॅफाइट सावकाश तापते आणि इंधनाचे कणही पूर्वीपेक्षा चांगले बनतात. पण विश्वास मोजमापावर असावा. अधिशोषणाच्या जुन्या माहितीतला मोठा भाग १९६० ते १९८० च्या दशकांतला आहे, आणि त्या काळी अमेरिकेत वापरलेले एच-४५१ ग्रॅफाइट आता बनतही नाही. ज्या प्रतीचे ग्रॅफाइट भट्टीत बसणार, त्याच्यावरच, प्रारणाचा मारा झालेल्या अवस्थेत आणि अपघाताच्या तापमानाला चाचण्या व्हायला हव्यात. त्यांचे निकाल परवाना देण्याआधी जाहीर व्हावेत. भट्टी पाडण्याचा खर्चही पहिल्याच दिवशी हिशेबात धरला जावा.

ग्रॅफाइटने धरून ठेवलेले द्रव्य संपलेले नसते. त्याची नोंद ठेवणे ही भट्टी उभारणाऱ्यांचीच जबाबदारी आहे. ती पुढच्या पिढीतल्या सफाई कामगारांवर ढकलता येणार नाही.