कुपीतला पुरावा

५ फेब्रुवारी २००३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी पांढऱ्या भुकटीची इवलीशी कुपी दोन बोटांत धरून दाखवली. तिच्यात अँथ्रॅक्सचे जंतू नव्हते, तो नुसता नमुना होता. पण जगभरच्या टीव्हीवर तीच इराककडच्या घातक शस्त्रांचा पुरावा ठरली. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यातील १९ विमान अपहरणकर्त्यांपैकी १५ सौदी, इराकी एकही नाही. तरी फौजा निघाल्या बगदादला! संयुक्त राष्ट्रांचे शस्त्रतपासणी प्रमुख हान्स ब्लिक्स यांचे निरीक्षक आणखी काही महिने मागत होते. तेवढाही धीर कुणाला नव्हता. ज्याच्या भरवशावर जैविक शस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळांची कहाणी रचली, त्या इराकी निर्वासिताने पुढे थापा मारल्याचे कबूल केले. शस्त्रसाठे सापडलेच नाहीत.

सरकारे युद्धासाठी सबबी शोधणारच. आम्हाला जास्त खटकते ते वर्तमानपत्रांचे माना डोलावणे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपल्या इराकविषयक बातम्यांची पुरेशी छाननी झाली नव्हती असे छापले, पण मे २००४ मध्ये, बगदाद पडून वर्ष उलटल्यावर. मान न डोलावण्याची किंमत त्याआधीच दिसली होती: २००१च्या हल्ल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, लष्करी बळाच्या ठरावाविरुद्ध अमेरिकी प्रतिनिधिगृहात एकच मत पडले होते. समोर ४२०. त्या एकट्या बार्बरा ली यांना धमक्यांपायी पोलीस संरक्षण घ्यावे लागले.