ढोलीचे झाड आधी वाचवा

संपादक महोदय,


पिंजऱ्यातले पोपट सोडवल्याच्या बातम्या आपण छापता, त्याबद्दल आभार. देशी पोपट पकडणे, विकणे, घरी पाळणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे अजून कित्येक घरांना ठाऊकच नाही. पण आमच्या दिघी-श्रीवर्धन पट्ट्यात पोपटावर पिंजऱ्याआधी कुऱ्हाड येते, आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही.

पोपट घरटे बांधत नाही. तांबटाने किंवा सुताराने कोरून सोडलेली, नाहीतर फांदी कुजून पडलेली ढोलीच त्याला लागते; फार तर तिचे तोंड तो कुरतडून मोठे करतो. अशा ढोल्या जुन्या ऐनाला, किंजळीला, सावरीला असतात. सरपणासाठी, कोळशासाठी, रस्त्यासाठी हीच झाडे आधी जातात. पोकळ झाड काय कामाचे, असे म्हणून. तोडीचा हंगामही नेमका विणीचा, पौष ते चैत्र.

गेल्या फाल्गुनात आमच्या वाटेवरचा ऐन पाडला. ढोलीतून तुईया पोपटाची तीन पिल्ले निघाली. डोळे नुकते उघडलेले, अंगावर पिसांच्या नुसत्या नळ्या. जांभळट लाल डोक्याचा नर अंधार पडेपर्यंत बुंध्यावर घिरट्या घालत होता. दोन पिल्ले रात्रीच गेली, तिसरे दुसऱ्या दिवशी.

एका झाडाच्या बदल्यात पाच रोपे लावू, असे सांगतात. रोपाला ढोली कुठून येणार? खाडीपलीकडचे फणसाड अभयारण्य 1986 पासून राखीव आहे, पण तेवढ्याने भागत नाही. निळ्या पंखांचा पोपट सह्याद्री सोडून जगात कुठेच नाही, आणि कोकणातले बरेचसे रान खासगी मालकीचे आहे. म्हणून मागणी एवढीच: जानेवारी ते एप्रिल तोडीची परवानगी देऊ नये, आणि एरवीही ढोली पाहून तशी नोंद केल्याशिवाय देऊ नये. पोपट आंबा खातो, नुकसान करतो, हे मी वाडीवाला असून मान्य करतो. घरावर झुकलेले झाड धोक्याचे, हेही खरे. तिथे फांद्या उतरवाव्यात, जमेल तिथे खोड ठेवावे.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आमच्या एका माडाचा शेंडा उडाला. घरापासून लांब, म्हणून खोड तसेच ठेवले. आधी सुताराने भोक पाडले, मग साळुंक्या राहिल्या, आणि आता दोन वर्षे पोपटाची जोडी तिथे वीण घालते. कुणाला पाहायचे असेल तर जरूर यावे. मादी अंड्यांवर असली तर मात्र लांबूनच.

आपला एक वाचक,
दिघी (ता. श्रीवर्धन, जि. रायगड)