रसिकतेच्या पेल्यातली दारू

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फूट वा त्याहून मोठ्या किराणा दालनांत वाइन विकण्यास मान्यता दिली. कारण सांगितले गेले शेतकऱ्यांच्या हिताचे. विरोधाचा ठाम स्वर उमटला तो नगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धीतून. अण्णा हजारे यांनी १४ फेब्रुवारीपासून उपोषणाचा इशारा दिला. आदल्या दिवशी ग्रामसभेच्या आग्रहाखातर ते थांबले.

पेला हलकेच फिरवावा, रंग न्याहाळावा, गंध घ्यावा, जेवणाशी मेळ साधावा. घरी असो वा हॉटेलात, ही रसिकता असल्याचे सांगितले जाते. असेलही. परंतु बिअरमध्ये साधारण पाच टक्के असणारा मद्यार्क वाइनमध्ये बारा ते चौदा टक्के असतो. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले.

राहिला शेतकरी. महाराष्ट्रातील बहुतांश द्राक्षे खाण्यासाठी वा बेदाण्यासाठी जातात. वाइनसाठी वेगळे वाण लावावे लागतात. मग सामान्य बागायतदाराच्या पदरी काय पडणार?

दारूच्या भट्ट्या बंद करून आणि पावसाचे पाणी अडवून राळेगणसिद्धी सावरली. व्यसनाची झळ प्रथम घरातील स्त्रीला लागते, हे त्या गावाने अनुभवले आहे. डाळ-तांदळाशेजारी बाटली मांडली, की मुलांच्या लेखी तीही किराणाच ठरते. दुकानाचा परवाना शासन देईल. घराचा उंबरठा मात्र कुटुंबानेच राखायचा आहे.