लाजपोरहून सुटणाऱ्या पोराला उधन्यात एक माणूस हवा

सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा इथल्या माझ्या खान्देशी भावाबहिणींनो,

दिवाळी तोंडावर आली. लूम थांबतील, कापड मार्केट लाभपंचमीपर्यंत बंद राहील, गल्लोगल्ली खोल्यांना कुलपं लागतील आणि आपण उधन्याहून गाडी धरून नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे निघू. याच दिवसांत लाजपोरच्या मध्यवर्ती कारागृहातून विशी-बाविशीचा एखादा पोरगा सुटला, तर त्याने कुणाचं दार वाजवायचं?

म्हणून हात जोडून सांगतो: अशा एका पोराचे पाठीराखे व्हा. आणि तो सुटायच्या आधीपासून व्हा. सुटल्यावर शोधू म्हणाल तर उशीर झालेला असतो.

फाटकाबाहेर येताना त्याच्या हातात कपड्यांची एक पिशवी असते. मोबाइल परत मिळाला तरी सिम केव्हाच बंद पडलेलं. आधारला तोच नंबर, म्हणून ओटीपी येत नाही आणि बँकेत चार पैसे असले तरी निघत नाहीत. खोली दुसऱ्याला दिलेली, जुन्या लूमच्या खात्यात शेठ उभं करत नाही. सचिन, भेस्तान करत तो उधन्याला पोचतो, तेव्हा जेवायला घालणारे आणि निजायला जागा देणारे पहिले भेटतात ते बहुतेक वेळा ज्यांच्या नादाने तो आत गेला तेच. ‘मनं कोन शे आठे?’ या त्याच्या प्रश्नाला त्या रात्री दुसरं कुणी उत्तर देत नाही.

त्याहून मोठा धोका कोर्टाच्या तारखेचा. यातले बहुतेक कच्चे कैदी. देशभरातच २०२२ मध्ये दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चे होते. म्हणजे जामिनावर सुटला तरी खटला चालूच. बारा तासांची रातपाळी करून सकाळी अठव्याच्या कोर्टात हजर व्हायचं, एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. पोरगा एक तारीख चुकवतो, मग भीतीने दुसरी चुकवतो. वॉरंट निघतं आणि तो पुन्हा आत. नवा गुन्हा काहीही नसतो. आदल्या दिवशी कुणी फोन करून ‘उद्या तारीख आहे, मी येतो सोबत’ एवढं म्हटलं असतं तरी हे टळलं असतं.

काही पोरं तर जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी आतच राहतात. भाड्याच्या खोलीत राहणारे आईबाप मालमत्तेचे कागद आणणार कुठून? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे की महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट अट सैल करण्याचा विचार करू शकतं. गरीब कैद्याच्या जामिनासाठी केंद्राच्या योजनेतून पैशांची मदतही होऊ शकते. या गोष्टी त्या घरात जाऊन कुणी सांगायच्या? आपणच.

औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं आणि कैद्यांना बिनभिंतीच्या वसाहतीत शेती करत राहू दिलं. त्यावरूनच शांतारामबापूंना ‘दो आँखें बारह हाथ’ सुचला. तो सिनेमा पाहून आपण डोळे पुसले आहेत. आता तोच विश्वास आपल्या गल्लीतल्या पोरावर टाकायची वेळ आहे.

भीती वाटणं साहजिक आहे, घरात लेकीसुना आहेत. कुणी त्याला घरात ठेवा म्हणत नाही, पैसे द्या किंवा जामीन राहा असंही नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं दुःख विसरा, असं तर मुळीच नाही. परवानगी घेऊन तुरुंगात मुलाखतीला जा, ओळख करा. सुटायच्या दिवशी फाटकाशी थांबा. आधार केंद्रावर सोबत जा. मुकादमाला खरं काय ते सांगून काम मागा, कारण लपवलेलं महिन्याभरात उघड होतं आणि पोरगा दुसऱ्यांदा तुटतो. किमान सहा महिने फोन उचलत राहा. तेवढं जमणार नसेल तर हात घालू नका. मध्येच काढलेला आधार जिव्हारी लागतो.

अठव्याच्या कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे जा, पॅरा लीगल व्हॉलंटियर होण्याबद्दल आणि तुरुंगातल्या भेटीबद्दल विचारा. ज्यांचा पोरगा आत आहे त्या आईबापांनी १५१०० वर फोन करावा. कोठडीतल्या माणसाला वकिलाची मदत सरकारकडून फुकट मिळते. कोर्टाची दिवाळीची सुट्टी लागायच्या आत जा, या आठवड्यातच जा.