फाइलवरचे शेरे कसे वाचले?

२००४ मध्ये काँग्रेसचे १४५ खासदार होते. मनमोहनसिंग सरकार डाव्यांच्या ५९ खासदारांच्या बाहेरून पाठिंब्यावर टिकून होते. माहिती अधिकार कायदा लागू होऊन वर्षही झाले नव्हते, तोच २००६ मध्ये फाइलवरील शेरे त्यातून वगळण्याचा घाट सरकारने घातला. आळंदीत अण्णा हजारे उपोषणाला बसले, डाव्यांनीही विरोध केला. दुरुस्ती बारगळली. म्हणूनच अर्ज कोणत्या टेबलावर, कोणाच्या शेऱ्यामुळे अडला, हे विचारता येते.

२०१९ मध्ये मात्र लोकसभेत भाजपचे स्पष्ट बहुमत होते. राज्यसभेत काही प्रादेशिक पक्षांनी साथ दिली. दुरुस्ती मंजूर झाली. आता ज्या सरकारला माहिती द्यायला लावायची, तेच आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवते.