चोरट्या सिनेमाचे व्यापारी आणि बिनखटल्याचा तुरुंग

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीचे गाव. १६७० साली सिंहगडावर पडलेल्या या वीराची कथा तुळशीदास शाहिराने पोवाड्यात बांधली. पुढे ती गावोगाव गाइली गेली आणि त्याबद्दल कोणी कोणाला स्वामित्वधन मागितले नाही. जानेवारी २०२० मध्ये याच कथेवरील ‘तान्हाजी’ हा हिंदी चित्रपट आला आणि त्याच्या चोरट्या प्रती लगोलग आंतरजालावर फिरू लागल्या. तानाजी आमचा, मग त्याचा सिनेमा आमचा का नव्हे? अडीचशे कोटींहून अधिक गल्ला जमविणाऱ्यांचे चार पैसे बुडाले तर बिघडले कुठे?

हा युक्तिवाद समाजवादाची झूल पांघरून येतो, म्हणून त्याचा समाचार आपणच घेतला पाहिजे. कथा सर्वांची आहे, हे खरेच. चित्रपट मात्र शेकडो कारागिरांच्या श्रमातून उभा राहतो. (त्यावरील हक्क साठ वर्षे, म्हणजे २०८० अखेरपर्यंत राखून ठेवणे न्याय्य आहे काय, हा वेगळा आणि रास्त प्रश्न आहे.) चोरटे संकेतस्थळ चालविणारा गरिबांचा कैवारी नव्हे. जुगाराच्या जाहिरातींवर पैसा करणारा, दुसऱ्याच्या श्रमावर बिनभांडवली नफा ओढणारा तो व्यापारी आहे. बड्या निर्मात्याला त्याची झळ सोसते. कर्ज काढून मराठी चित्रपट करणारा त्यात बुडतो.

हा व्यापारी बहुधा परदेशी यंत्रणेआड दडलेला असतो. हाती लागतो तो चित्रपटगृहात मोबाईल उगारणारा किंवा प्रती चढविणारा बेकार तरुण. त्याला पुढचे गणित कोणी सांगत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ अन्वये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरविला. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने चोरट्या चित्रणाला किमान तीन महिने कैद व किमान तीन लाख दंड ठेवला. हा दंड निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. शंभर कोटींच्या चित्रपटाचे पाच टक्के म्हणजे पाच कोटी! कोकणातल्या कोणत्या घराची सात पिढ्यांची मिळकत तेवढी भरेल?

तरीही येथवर खटला आहे, पुरावा आहे, वकील आहे. आमचा खरा आक्षेप पुढे आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आदींसाठी महाराष्ट्राने १९८१ साली केलेल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात २००९ मध्ये ‘व्हिडिओ पायरेट’ बसविण्यात आला. अर्थ असा की, सिनेमाची नक्कल करणाऱ्यास खटल्याविना बारा महिन्यांपर्यंत डांबता येते. सल्लागार मंडळ आहे, पण स्थानबद्धाला तिथे वकिलाचा हक्क नाही. १९७५ ते १९७७ मध्ये ‘मिसा’खाली तुरुंग भरलेले पाहिलेल्या राज्याने निर्मात्यांच्या तिजोरीसाठी तेच हत्यार उपसावे, ही शरमेची गोष्ट होय. याउलट मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात, तपासणीवाचून सरसकट संकेतस्थळे बंद करण्यास नकार देऊन निर्मात्यांनाही मर्यादा दाखविली होती.

चोरीचा खटला चालवा, नफा घेणाऱ्याची मिळकत शोधून जप्त करा. पण २००९ ची ती भर विधिमंडळाने रद्द केली पाहिजे, आणि ती मागणी रायगडच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात मांडावी.