मन विटतं तेव्हा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या. शीण असला तर तो अशा सुट्टीत जातो. ज्यांचा गेला नाही, त्यांच्याविषयी या वेळी लिहायचं आहे.

आमच्या परिचयातल्या एका बाई बरीच वर्षं चौथीला शिकवतात. त्यांनी तपासलेल्या निबंधाखाली लाल शाईत एखादी ओळ हमखास असायची : ‘मग आजीच्या शेळीचं पुढे काय झालं?’ पोरं दुसऱ्या दिवशी ते सांगायला धावत यायची. यंदाच्या वह्यांवर नुसत्या बरोबरच्या खुणा आहेत आणि तारखेसह सही. एकही वही राहिलेली नाही. तपासणीला येणाऱ्या साहेबांना त्यात खोट सापडणार नाही. बाई रजाही घेत नाहीत. फक्त मधल्या सुट्टीत, डबा उघडता उघडता, ‘या पोरांचं काही व्हायचं नाही’ हे वाक्य आता रोज येतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची व्याख्या नोंदवली. तिथे तो आजार नाही. कामाच्या जागी साचत गेलेला, वेळीच न आवरलेला ताण त्याचं कारण आहे. खुणा तीन : गळून जाणं, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. आपण पहिलीच खूण ओळखतो. दुसरीला आळस किंवा मुजोरी म्हणतो, आणि तिसरी माणूस कोणाला सांगतच नाही. मराठीत यासाठी थकण्यापेक्षा नेमका शब्द आहे : मन विटणं.

ते विटतं कशाने? परिपाठ चालू असतानाच शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘अतितात्काळ’ पत्र येऊन पडतं, माहिती चारपर्यंत हवी. तीच माहिती यू-डायसच्या सरकारी नोंदीत आधीच भरलेली असते. खिचडी खाणारी मुलं मोजून अॅपवर टाकायची. आधार जुळत नाही म्हणून एखाद्या पालकाला तिसऱ्यांदा बोलवायचं, कारण पट कमी दिसला तर संचमान्यतेत पद जायची भीती. द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी बैठकीला गेले की उरलेल्या एकट्याकडे चारही वर्ग. शिक्षणहक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज बिगरशैक्षणिक काम शिक्षकांना देऊ नये म्हणतं. पण माहिती पाठवत राहणं हे काम म्हणून कोणी मोजतच नाही. त्यात, पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हावं, हा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर 2025 मधला निकाल. त्याच्या कायदेशीर बाजूत आम्ही शिरत नाही. वीस-पंचवीस वर्षं वर्ग सांभाळलेला माणूस रात्री सराव प्रश्नसंच सोडवत बसतो तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल, एवढंच विचारतो.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे ताणमुक्तीची कार्यशाळा. तीही रविवारी. (उपस्थितीचा जिओटॅग फोटो लागतोच.) प्राणायामाशी आमचं भांडण नाही, पण ताण कामात असताना उपाय फक्त माणसावर करणं आम्हाला पटत नाही.

मुख्याध्यापकांच्या हातात थोडं आहे, पण आहे. ‘तुम्ही पूर्वी किती छान शिकवायच्या’ असं चारचौघांत म्हणू नका. एकटं गाठून कुठलं काम सर्वांत जड जातंय ते विचारा आणि सत्र संपेपर्यंत ते काम दुसऱ्याकडे द्या, किंवा स्वतःकडे घ्या. पाठवलेल्या माहितीची एक फाइल ठेवा, पुन्हा मागणी आली की तीच प्रत जाऊ द्या. केंद्रप्रमुखांनी भेटीत पत्रकं मागण्याआधी एखाद्या मुलाची वही मागावी आणि तिच्याबद्दल बाईंशी पाच मिनिटं बोलावं. मात्र झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, घरातही कशात जीव रमत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर गोष्ट शाळेच्या हातातली राहिलेली नाही. डॉक्टरांकडे चला म्हणा, सोबत जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.

वाचकांकडे एक मागणं. या महिन्यातला कोणताही एक आठवडा निवडा. शिकवताना किती वेळा थांबावं लागलं आणि कशासाठी, हे टाचणवहीच्या मागच्या पानावर टिपा आणि ते पान आमच्याकडे पाठवा. नाव किंवा शाळा लिहू नका. आलेली पानं पुढच्या अंकात जशीच्या तशी छापू.